आधी व्हॉल्व्ह, मग बटण

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाचे फोटो वर्तमानपत्रांत झळकू लागतात. चेअरमन, संचालक मंडळ, सपत्नीक पूजा. त्याच आवारात स्प्रे पाँडच्या काठावर इंजेक्शन पंपांची रांग उभी असते. साखर शिजवणाऱ्या पॅनमधली वाफ कंडेन्सरमध्ये थंड करणारं पाणी तेच पुरवतात. त्यांच्याकडे कॅमेरा वळत नाही, पण ते बसले तर पॅनचा व्हॅक्यूम पडतो आणि साखर पिकायची थांबते. पावसाळाभर मुकाट्याने उभा असलेला असा सेंट्रिफ्युगल पंप चालू कसा करायचा, याचं शास्त्र बटण दाबण्याच्या बरंच आधी सुरू होतं.

पहिलं काम हाताचं. वीज तोडून कपलिंगवरचं गार्ड काढायचं आणि शाफ्ट फिरवून बघायचा. ग्लँडमधली पॅकिंग सुकलेली असते, इम्पेलर आणि वेअर रिंग यांच्यातल्या बारीक फटीत गंज धरलेला असतो. शाफ्ट हाताला अडखळला, तर मोटर तो जबरदस्तीने फिरवील आणि काहीतरी मोडेल. बेअरिंगचं तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. मोटरच्या वाइंडिंगने ओल धरली असेल तर इन्सुलेशन तपासणारा मेगर ते सांगतो.

मग मोटर एकटीच, कपलिंग सोडून, क्षणभर चालवून फिरण्याची दिशा पाहतात. थ्री-फेजच्या दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. गंमत अशी, की इम्पेलर उलटा फिरला तरी पाणी डिलिव्हरीकडेच जातं, फक्त बरंच कमी. त्यामुळे चूक लपून राहते आणि सगळे सक्शन लाइनला दोष देत बसतात. इम्पेलर शाफ्टवर आट्यांनी बसवलेला असेल, तर उलट्या फिरण्याने तो सुटून केसिंगवर आदळतो.

आता पाणी भरणं. ‘पंपाने हवा धरली’ हे वाक्य विहिरीवर मोटर असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे; त्यामागचं गणित साधं आहे. सेंट्रिफ्युगल पंप आतल्या द्रवाला गती देतो आणि त्या गतीचं दाबात रूपांतर करतो. ५० मीटर हेडच्या, म्हणजे द्रव ५० मीटर उंच चढवू शकणाऱ्या, पंपात हवा भरलेली असेल, तर तो ५० मीटरच हेड देईल, पण हवेचं. एक घनमीटर पाण्याचं वजन १,००० किलो, हवेचं साधारण १.२ किलो. म्हणजे ५० मीटर हवेचा दाब भरतो जेमतेम ६ सेंटिमीटर पाण्याइतका. एवढ्यावर पाणी वर कुठून येणार? शिवाय तोवर मेकॅनिकल सील कोरडं घासून जळतं. पाण्याची पातळी पंपाच्या वर असेल तर सक्शन व्हॉल्व्ह पूर्ण उघडून एअर कॉकमधून हवा काढून टाकायची, अखंड धार येईपर्यंत. खालून उपसायचं असेल तर फूट व्हॉल्व्ह आणि वरून पाणी, किंवा व्हॅक्यूम पंप.

सुरू करताना डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद का ठेवायचा? अशा पंपाला पाणी वाहत नसताना सर्वांत कमी शक्ती लागते. मोटर थेट लाइनवर सुरू केली की पूर्ण भाराच्या पाच ते सात पट करंट ओढते. त्यातच व्हॉल्व्ह उघडा आणि पुढची पाइपलाइन रिकामी असली, तर पाणी अडवणारं कुणीच नसतं आणि मोटर ओव्हरलोडवर ट्रिप होते. पण हा नियम सरसकट नाही. पंख्यासारख्या पात्यांचे प्रोपेलर पंप नेमके उलटे वागतात: बंद व्हॉल्व्हवरच त्यांना सर्वांत जास्त शक्ती लागते, म्हणून ते उघड्यावर सुरू करतात. कारण न सांगता भिंतीवर नुसत्या पायऱ्या लिहिण्याची आपल्याकडची पद्धत मला म्हणूनच घातक वाटते.

बंद व्हॉल्व्हवर पंप रेंगाळू द्यायचा नाही, हेही तितकंच खरं. समजा केसिंगमध्ये २० लिटर पाणी अडकलंय आणि इम्पेलर त्यात १० किलोवॅट शक्ती ओततोय. ती सगळी उष्णता होते. पाणी मिनिटाला सुमारे ७ अंशांनी तापतं. ३० अंशांवरून उकळीला पोचायला दहा मिनिटं लागतात. सक्शनही बंद असेल तर केसिंग फुटू शकतं, आणि असे स्फोट झालेले आहेत. म्हणून प्रेशर गेज स्थिरावला की डिलिव्हरी हळूहळू उघडायची, एक डोळा अँपिअर मीटरवर ठेवून. पॅकिंगच्या ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी पडलंच पाहिजे. त्यानेच शाफ्ट थंड राहतो. गळती दिसली म्हणून ग्लँड आवळणारा फिटर उद्या शाफ्ट स्लीव्ह बदलताना दिसेल.

पाणी कमी करायचं तर डिलिव्हरीनेच, सक्शनला हात लावायचा नाही. सक्शन आवळलं की इम्पेलरच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की ३० अंशांचं पाणीही तिथे उकळतं. पुढे जास्त दाबात गेल्यावर ते बुडबुडे फुटतात आणि धातूचे कण उडवतात. आवाज केसिंगमध्ये खडी फिरल्यासारखा येतो.

बंद करताना आधी डिलिव्हरी हळू मिटायची, मग मोटर थांबवायची. सेकंदाला २ मीटर वेगाने जाणारं पाणी पोलादी पाइपात एकाएकी अडलं, तर दाब सुमारे २०० मीटर हेडने उसळतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून १८९८च्या सुमारास हे गणित मांडलं. वीज अचानक गेली तर मात्र ऑपरेटरच्या हाती काही नसतं, सगळी भिस्त नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर. तो अडकला असेल तर वरचं पाणी उतरताना पंप उलटा फिरतो. अशात वीज आली आणि ऑटो-स्टार्टरने मोटर घेतली, तर शाफ्ट पिळवटून तुटायला वेळ लागत नाही. शाफ्ट पूर्ण थांबल्याशिवाय पुन्हा सुरू करायचं नाही.

आणि पंप उघडायचा असेल तर आधी आयसोलेटर बंद करून त्याला स्वतःचं कुलूप घाला. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. जेवायला गेलात तरी ती कुणाकडे देऊ नका.