कागलची लेक आणि माणिकबागेतील पोलादी खुर्च्या

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील वस्तुसंग्रहालय पाहून बाहेर पडणाऱ्याच्या मनात रेंगाळते ती शिकार. पेंढा भरलेले वाघ, बिबळ्याच्या मणक्यांपासून केलेली काठी, जनावरांच्या अवयवांपासून घडवलेली रक्षापात्रे. मेजर चार्ल्स मँट याच्या आराखड्यानुसार १८८४ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूत त्या काळच्या संस्थानी अभिरुचीचा उत्तम नमुना जपलेला आहे. मात्र याच कोल्हापूर परिसरातील कागलच्या घाटगे घराण्यातील एक मुलगी इंदूरच्या होळकरांकडे सून म्हणून गेली आणि तिच्या संसारासाठी जे घर उभे राहिले, त्याने या साऱ्या अभिरुचीकडे पाठ फिरवली. त्या घराचे नाव माणिकबाग. विसाव्या शतकातील फर्निचरच्या इतिहासात आजही त्याचे नाव आदराने घेतले जाते. कोल्हापुरात मात्र ते फारसे कुणाला ठाऊक नाही.

संयोगिताराजे कागलच्या धाकट्या पातीच्या. यशवंतराव होळकर यांच्याशी त्यांचा विवाह १९२४ साली झाला, तेव्हा त्या दहा वर्षांच्या आतबाहेर होत्या. मूळचे कागलच्याच घाटगे कुळातील असलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी मराठा-धनगर विवाहसंबंधांचा हिरिरीने पुरस्कार केला होता आणि हा विवाह त्याच प्रयत्नांचे फळ मानला जातो. सामाजिक सुधारणेच्या इतिहासात त्याची नोंद होते. कलेच्या इतिहासातही व्हायला हवी, कारण या जोडप्याची घडण पुढे युरोपात झाली. मान रे या छायाचित्रकाराने काढलेल्या चित्रांत हे दोघे संस्थानिकांच्या ठरावीक ताठ बैठकीत दिसत नाहीत. ती एकमेकांत रमलेली दोन हसरी तरुण माणसे दिसतात.

ऑक्सफर्डच्या काळात यशवंतरावांची गाठ एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाशी पडली. त्याचे वडील हेरमान मुथेसियस हे १९०७ मध्ये स्थापन झालेल्या ‘वेर्कबुंड’ या संस्थेचे एक प्रवर्तक. यंत्रावर होणारे उत्पादन आणि कला यांची सांगड घालणे हे तिचे ध्येय होते. १९३० साली महाराजांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते आणि मुथेसियस पंचविशीतला. या वयाच्या माणसाच्या हाती राजवाडा सोपवणे हेच धाडस होते. १९३३ पर्यंत काम चालले. सामान जहाजांनी युरोपातून आले. इंदूरच्या उन्हाचा विचार करून वातानुकूलनाची योजना झाली. दिवे, कपाटे, दारांच्या मुठी येथपर्यंत बरेच काही मुथेसियसने स्वतः रेखाटले. लाल आवरणाच्या त्याच्या प्रसिद्ध आरामखुर्च्यांत वाचनाचा दिवा खुर्चीतच बसवलेला आहे.

उरलेले फर्निचर पॅरिस व बर्लिनमधील अग्रणी कलाकारांचे होते. आयलीन ग्रे यांची जहाजाच्या डेकवरील खुर्चीवरून सुचलेली ‘ट्रान्सॅट’, लुई सोन्यो व शार्लोत अलिक्स यांचे काच आणि चकचकीत धातूचे पलंग, रुलमान यांचे अभ्यासिकेतील मेज, दा सिल्वा ब्रुन्स यांचे गालिचे. ल कॉर्बुझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरियां यांची पोलादी नळीची पहुडखुर्चीही त्यांत होती.

या वस्तूंना क्रांतिकारक का म्हणायचे, हे आज चटकन उमगत नाही. वाकवलेल्या पोलादी नळीची खुर्ची आता बँकेत, दवाखान्यात, केशकर्तनालयात कुठेही दिसते. १९३० च्या सुमारास मात्र घरातील खुर्ची म्हणजे लाकूड, त्यावरील कोरीवकाम आणि गादी. वजन कशावर तोलले आहे, हे झाकणे म्हणजे सुबकपणा. नव्या मंडळींनी नेमका तो सांगाडाच उघडा केला. मार्सेल ब्रॉयर याला ही कल्पना सायकलच्या हँडलवरून सुचल्याचे सांगितले जाते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाइप वाकवण्याचे कुणाला अप्रूप वाटणार नाही. पण कारखान्यातील हा पाइप दिवाणखान्यात आणणे म्हणजे घराची प्रतिष्ठा कशात आहे याविषयीची समजूत उलटवणे होते. राजवाड्यात तो आणणे तर त्याहून मोठी गोष्ट.

गंमत अशी की, जुनी अभिरुची पुरती गेली नव्हती. माणिकबागेतील त्या पहुडखुर्चीवर बिबळ्याचे कातडे चढवलेले होते. नव्या राजवाड्याची आठवण व्हावी अशीच ही बाब. शिवाय हा सारा थाट जगभर मंदी असतानाच्या वर्षांत, एका संस्थानाच्या अधिपतीने मांडलेला होता. त्याचे कौतुक करताना तो पैसा कुठून आला, हे नजरेआड करता येत नाही.

तरीही एक फरक उरतोच. बहुतेक संस्थानिक युरोपातून तेच आणत, ज्याची प्रतिष्ठा तिकडे आधीच पक्की झाली होती. या जोडप्याने आपल्याच पिढीच्या किंवा जेमतेम एक पिढी मोठ्या, हयात आणि वादग्रस्त कलाकारांवर भरवसा ठेवला. आँरी-पिएर रोशे हा त्यांचा पॅरिसमधील सल्लागार. याच रोशेच्या कादंबरीवरून पुढे फ्रान्स्वा त्रूफो यांनी ‘ज्यूल ए जिम’ हा चित्रपट केला. त्याच्यामार्फत महाराज शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुसी याच्यापर्यंत पोचले आणि ‘अवकाशातील पक्षी’ या त्याच्या शिल्पाची तीन रूपे इंदूरसाठी ठरली : एक ब्राँझचे, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचे. ना पंख, ना चोच. केवळ वर झेपावणारी एक निमुळती रेषा. या पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधावे, आत पाण्याचे कुंड असावे आणि वरून प्रकाश पडावा, अशी कल्पना होती.

ते मंदिर झाले नाही. १९३७ च्या उन्हाळ्यात महाराणी संयोगिताराजे यांचे स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले. वय अवघे बावीस. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रांकुसी मंदिराच्या कामासाठी इंदूरला येऊन पोचला, पण महाराजांचे त्यात मन उरले नव्हते. तो रिकाम्या हाती परतला. माणिकबागेच्या बहुतेक वर्णनांत महाराणी बुते द मोंव्हेल याने रंगवलेल्या सुंदर व्यक्तिचित्रापुरत्या येतात. हे घर मात्र दोघांसाठी योजलेले होते, आणि त्यांच्या जाण्यानंतर त्यातील मोठी स्वप्ने थांबली, हे पुरेसे बोलके आहे.

१९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. यशवंतराव १९६१ मध्ये निवर्तले. संगमरवरी पक्ष्यांची जोडी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनासाठी विकत घेतली गेली, ती आज कॅनबेरा येथे आहे. मे १९८० मध्ये सदबीज कंपनीने मोनॅको येथे माणिकबागेतील फर्निचरचा लिलाव पुकारला. संग्रह जगभर पांगला. वास्तू तेवढी इंदुरात राहिली आणि तेथे सीमाशुल्क व केंद्रीय उत्पादनशुल्क खात्याचे कार्यालय आले. कलाप्रेमींना यात एक बोचरा योगायोग दिसतो. १९२६ साली याच ‘पक्ष्या’ची एक आवृत्ती न्यूयॉर्कला पोचली तेव्हा तेथील सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी तिला कलाकृती मानण्यास नकार दिला आणि स्वयंपाकघर व रुग्णालयातील उपकरणांच्या वर्गात घालून ४० टक्के कर लावला. खटला चालला, १९२८ मध्ये न्यायालयाने ब्रांकुसीच्या बाजूने निकाल दिला.

सुटी खुर्ची संग्रहालयात पाहता येते, पण ती कोणत्या खिडकीसमोर, कोणत्या गालिच्यावर, कुठल्या दिव्याखाली होती, हे तेथे कळत नाही. माणिकबागेचे मोल या एकत्रपणात होते. कोल्हापुरातच याचे उलट उदाहरण आहे. अभिनेते व चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी राजारामपुरीतील आपले राहते घर चित्रांसह शासनाच्या हवाली केले. त्यामुळे त्यांची निसर्गचित्रे आणि पावडर शेडिंगची कामे आजही त्याच भिंतींवर पाहायला मिळतात. ती वास्तू साधी, तिच्यात ना पोलाद ना काच. पण चित्रे आणि घर यांची तेथे ताटातूट झालेली नाही.

माणिकबागेच्या वस्तू पुन्हा एकत्र आल्या त्या पॅरिसमध्ये. सप्टेंबर २०१९ मध्ये तेथील शोभिवंत कलांच्या संग्रहालयात ‘आधुनिक महाराजा’ हे प्रदर्शन भरले. पलंग, खुर्च्या, गालिचे, व्यक्तिचित्रे आणि मान रे याची छायाचित्रे निरनिराळ्या ठिकाणांहून मागवून मांडली गेली. १२ जानेवारी २०२० रोजी प्रदर्शन संपले आणि वस्तू आपापल्या मालकांकडे परत गेल्या.