कट्टप्पाचे उत्तर पहिल्याच भागात होते

‘बाहुबली’चा पहिला भाग १० जुलै २०१५ रोजी प्रदर्शित झाला आणि प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडले ते एक प्रश्न सोबत घेऊन. कट्टप्पाने बाहुबलीला का मारले? उत्तर मिळायला २८ एप्रिल २०१७ उजाडावे लागले. मधल्या साडेएकवीस महिन्यांत हैदराबादच्या एका तेलुगू चित्रपटातील हा प्रश्न केश कर्तनालयांत, लग्नाच्या पंगतीत आणि समाजमाध्यमांवर सारखाच विचारला गेला. निर्मात्यांनी इंग्रजी प्रश्नाच्या आद्याक्षरांतून ‘डब्ल्यूकेकेबी’ असे लघुरूप करून तो प्रसिद्धीसाठीही वापरला.

कथा अर्धवट तोडून प्रेक्षकांना ताटकळत ठेवण्याची युक्ती जुनीच आहे. १९८० साली अमेरिकेत ‘डॅलस’ मालिकेतील जे. आर. या पात्रावर मार्चमध्ये गोळी झाडली गेली आणि झाडणारी व्यक्ती नोव्हेंबरमध्ये कळली. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अद्भुत मालिकेत जॉन स्नो १४ जून २०१५ रोजी, म्हणजे ‘बाहुबली’च्या चारच आठवडे आधी, बर्फात रक्तबंबाळ होऊन पडला. तो खरेच मेला काय, या विवंचनेत जगभरचे चाहते पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत होते. मात्र या दोन कोड्यांत आणि कट्टप्पाच्या कोड्यात मूलभूत फरक आहे. एकात ‘कोणी’ हा प्रश्न होता, दुसऱ्यात ‘जिवंत की मृत’ हा. दोन्हींचे उत्तर एका शब्दात संपते. कट्टप्पाच्या बाबतीत मारणारा ठाऊक होता, कारण त्याने स्वतःच कबुली दिली होती. मरणाराही ठाऊक होता. ठाऊक नव्हते ते केवळ कारण, आणि कारण शोधायचे तर माणूस समजून घ्यावा लागतो.

(तेलुगूत प्रश्नाला मुळीच संदिग्धता नाही. ‘चंपाडु’ म्हणजे ठार केले. मराठीत ‘का मारले’ म्हटले तर दोन थपडा दिल्या असाही अर्थ निघू शकतो. विनोद करणाऱ्यांनी ही संधी सोडली नाही.)

तर्क नाना प्रकारचे होते. बाहुबलीनेच कट्टप्पाला तशी विनवणी केली असेल. मेलेला बाहुबली तोतया असेल. भल्लालदेवाने कट्टप्पाला कसल्या तरी पेचात पकडले असेल. दिग्दर्शक राजामौलींनी सांगितले म्हणून मारले, हे सर्वांत लाडके उत्तर. थट्टा बाजूला ठेवली तर चांगले तर्क करणारे चाहते एकाच ठिकाणी परत परत जात होते, ते म्हणजे पहिल्या भागातील तपशील. आणि तेथे दोन धागे खरोखरच होते.

पहिला धागा अस्लम खान या परदेशी शस्त्रव्यापाऱ्याच्या प्रसंगात आहे. कट्टप्पाचे तलवारीचे कसब पाहून तो त्याला गुलामगिरीतून सोडवण्याची तयारी दाखवतो. कट्टप्पा नम्रपणे नकार देतो, कारण त्याच्या पूर्वजांनी माहिष्मतीच्या सिंहासनाची पिढ्यान्‌पिढ्या चाकरी करण्याचे वचन दिले आहे. प्रसंग छोटा आहे आणि पहिल्यांदा पाहताना तो केवळ पाहुण्या कलावंतासाठी घातलेला वाटतो. दुसरा धागा तर आरंभीच आहे. पाठीत बाण रुतलेली शिवगामी तान्ह्या महेंद्राला घेऊन पळते आहे, आणि नदीत बुडतानाही तिचा हात त्या बाळाला पाण्याबाहेर उचलून धरतो. राजमाता स्वतःच्याच राज्यातून का पळते आहे, असे फार थोड्यांनी विचारले. सगळ्यांचे लक्ष कट्टप्पाच्या तलवारीकडे होते.

दुसऱ्या भागात हे दोन्ही धागे एकत्र येतात. भल्लालदेव आणि बिज्जलदेव यांच्या कारस्थानाला बळी पडून शिवगामी बाहुबलीच्या वधाची आज्ञा देते. कट्टप्पा कचरतो, तेव्हा तू मारणार नसशील तर मी मारीन, असे ती सुनावते. सिंहासनाचा दास आज्ञा मोडू शकत नाही, आणि आईच्या हातून पुत्राचा वध त्याला पाहवणार नाही. म्हणून तो तलवार उचलतो. नंतर कपट उघड होते, शिवगामी तान्ह्या महेंद्राला राजा घोषित करते आणि त्याला घेऊन पळते. अर्थात, पहिल्या भागाच्या पहिल्या दृश्यात आपण जे पाहिले तेच त्या उत्तराचे शेवटचे वाक्य होते.

गोमंतकीय वाचकाला यात काही ओळखीचे वाटावे. समुद्र हटवून कोकणभूमी निर्माण करणारा, ज्याचा बाण बाणावलीला पडला असे आपण मानतो, तो परशुराम पित्याच्या आज्ञेवरून माता रेणुकेचा शिरच्छेद करतो. त्याच परशुरामाचा वैरी कार्तवीर्य अर्जुन ज्या नगरीतून राज्य करीत होता तिचे पुराणांतील नाव माहिष्मती. नर्मदाकाठचे, अहिल्याबाई होळकरांच्या राजधानीचे महेश्वर म्हणजेच ती नगरी, असे अनेक अभ्यासक मानतात. चित्रपटकर्त्यांनी ही सांगड हेतुपुरस्सर घातली असे म्हणण्याचे कारण नाही. पण आज्ञा आणि माया यांच्या कात्रीत सापडलेला माणूस काय करतो, हे रेणुकेची आणि भीष्माची कथा ऐकत वाढलेल्या श्रोत्याला निराळे शिकवावे लागत नाही. ‘शिवगामीच्या आज्ञेवरून’ हा तर्क अनेकांनी आधीच केला होता, आणि तो बरोबर निघाला, याचे नवल वाटू नये.

शिवाय हैदराबादेत आज स्थिरावलेल्या तेलुगू चित्रसृष्टीला अशा प्रश्नांचा जुना सराव आहे. तिचा मुक्काम मद्रासला असताना, १९५१ साली, नागिरेड्डी आणि चक्रपाणी यांनी ‘पाताळभैरवी’ हा जादूटोण्याचा चित्रपट काढला. याच दोघांचे ‘चंदामामा’ मासिक १९५२ पासून मराठीत ‘चांदोबा’ म्हणून येऊ लागले, आणि विक्रम-वेताळाच्या गोष्टींनी आपल्या दोन पिढ्यांना वेड लावले. वेताळाच्या गोष्टीत घटना सांगून झालेल्या असतात. उरतो तो न्यायाचा प्रश्न. असे कोणी का केले, दोष कोणाचा? उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. ‘बाहुबली’चे कथाकार व्ही. विजयेंद्र प्रसाद आणि त्यांचे पुत्र राजामौली यांनी वेताळाचा प्रश्न अर्ध्या वाटेवर थांबवला, एवढेच. राजामौली आपल्यावरील संस्कार सांगताना ‘अमर चित्र कथा’चे नाव आवर्जून घेतात.

गुपित सांभाळणे मात्र सोपे गेले नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये दुसऱ्या भागातील युद्धाचे काही चित्रण बाहेर फुटले आणि ग्राफिक्सचे काम करणाऱ्या एकाला अटक झाली. प्रदर्शनाच्या तोंडावर संकट आले ते तर कथेच्या बाहेरून. कट्टप्पा साकारणारे तमीळ अभिनेते सत्यराज यांनी कावेरीच्या वादात नऊ वर्षांपूर्वी काढलेल्या उद्गारांवरून कन्नड संघटनांनी कर्नाटकात बंदी मागितली. सत्यराज यांनी खेद व्यक्त केल्यावरच मार्ग मोकळा झाला.

उत्तर पहिल्या दिवशीच गावभर झाले. तर्क खरा ठरलेले आणि चुकलेले दोघेही पुन्हा तिकिटे काढून गेले. जगभरात एक हजार कोटी रुपयांची कमाई ओलांडणारा हा पहिला भारतीय चित्रपट ठरला, तेही दहा दिवसांत. नुसते गुपित विकायचे असते तर दुसऱ्या आठवड्यात खुर्च्या रिकाम्या दिसल्या असत्या. हिंदी आवृत्तीत प्रभासला आवाज दिला तो आपल्या शरद केळकर यांनी, त्यामुळे मरताना बाहुबली उत्तर भारतात मराठी माणसाच्या कंठातून बोलला, ही जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट.

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दोन्ही भागांची काटछाट करून ‘बाहुबली : द एपिक’ हा एकच चित्रपट प्रदर्शित झाला. आता प्रश्न आणि उत्तर यांमध्ये फार तर मध्यंतराचा चहा येतो.