कर्ज घेतले कुणी, हप्ता मागतात कुणाला?
(आपले कागद, आपला पैसा : लेखांक ६)

२०२४च्या नोव्हेंबरात मालेगावचे एक प्रकरण राज्यभर गाजले. नोकरी लावतो असे सांगून काही तरुणांकडून आधार-पॅनची कागदपत्रे घेतली गेली आणि नाशिक मर्चंट्स सहकारी बँकेच्या तिथल्या शाखेत त्यांच्या नावाने खाती उघडली गेली. त्या खात्यांतून शंभर कोटींहून जास्त रकमेची उलाढाल झाली. पुढे सक्तवसुली संचालनालयाचे छापे पडले. पण पोलिसांत फिर्याद आधी दिली ती खातेदारांपैकीच एका तरुणाने. त्याने केले तेच आपणही करायचे असते. नोटीस दारात येण्याआधी तक्रार आपल्या बाजूने गेलेली असावी.

आपल्या डोंगरी-उत्तनकडेही सिम, गॅस, भाडेकरार, हप्त्यावरचा फ्रिज यांसाठी आधारची झेरॉक्स आपण सहज देऊन टाकतो. तिचा गैरवापर झाला, तर कळणार कसे? कर्जापुरते उत्तर सोपे आहे. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. लोक त्यातला स्कोअर पाहतात आणि अहवाल मिटतात. स्कोअर राहू द्या, खाली जा. प्रत्येक कर्जासमोर देणाऱ्याचे नाव, उघडल्याची तारीख आणि थकबाकी असते. शेवटी ‘चौकशी’चा भाग येतो, म्हणजे तुमच्या नावाने कुणी कुठे कर्ज मागितले त्याची नोंद. अनोळखी नाव पुष्कळदा आधी तिथे दिसते. बचत खाते मात्र या अहवालात येत नाही. त्यासाठी आयकर संकेतस्थळावरचे वार्षिक माहिती विवरण उघडा. तुमच्या पॅनवर भलत्याच बँकेचे व्याज दिसले, तर समजून जा.

मग काय करायचे? सर्वांत आधी, एकही हप्ता भरू नका. ‘थोडे भरा, मिटवून टाकू’ असे वसुलीवाला म्हणेल. पण भरलात तर कर्ज तुमचेच होते, असे म्हणायला त्याला आधार मिळतो. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्याने फोन करणे नियमात बसत नाही, हेही त्याला सांगा.

बँकेला किंवा वित्तसंस्थेला लेखी कळवा आणि पोच घ्या. हे खाते माझे नाही, ते ताबडतोब गोठवा, एवढ्यावर थांबू नका. अर्ज, केवायसीची कागदपत्रे, फोटो आणि सही मागा, अर्जात कोणता मोबाइल नंबर दिला तेही मागा. माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रश्न एकच : कर्जाची रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली? चोराचा माग तिथून लागतो.

पोलीस तक्रार सायबरक्राइम पोर्टलवर करा. स्वतःच्या खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० फिरवा. डोंगरीसाठी ठाणे उत्तन सागरी. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असे कुठे ऐकावे लागले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३कडे बोट दाखवा. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

त्याच तक्रारीची प्रत जोडून चुकीची नोंद दाखवणाऱ्या प्रत्येक अहवाल कंपनीकडे हरकत घ्या. निकालाला ३० दिवस, त्यातले २१ बँकेचे. त्यापुढे उशीर झाला, तर एप्रिल २०२४पासून दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

यात तुमच्याकडून चूक झालेली नसते, म्हणून लपवू नका. घरात वयस्कर माणसे असतील, तर या रविवारी त्यांच्याजवळ बसून त्यांचाही अहवाल काढा.

(पुढील आठवड्यात : आपल्या नावावर किती सिम चालू आहेत?)