विकतचा वारा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतला गाळा. शेजारी लेथवर लोखंड कातलं जातंय आणि इथं शटरमागं पाच मजली मांडण्यांवर लेट्यूस उभं आहे. चपला बाहेर काढून आतल्या घालायच्या, केस टोपीत कोंबायचे. बाहेर मे महिना, आत बावीस अंश.

हातात कात्री मिळेल असं वाटलं होतं, पण ही खोली सांभाळणाऱ्या ताईंनी सामू मोजायचं यंत्र दिलं. दिवस टाकीपासून सुरू होतो. सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान हवा. तो बिघडला की खत पाण्यात असूनही मुळांना नीट उचलता येत नाही. खताच्या टाक्या दोन, कारण कॅल्शियम नायट्रेटचं घट्ट द्रावण फॉस्फेट-सल्फेटच्या द्रावणात ओतलं तर खाली साका बसतो.

चौथ्या मजल्यावर एका गड्ड्याच्या पोटातली कोवळी पानं कडेनं तपकिरी झालेली दिसली.

“करपा का हो, ताई?”

“रोग नाही हा. आमच्या टोमॅटोचं बूड काळं पडतं ना, त्यातलंच. कॅल्शियम पोचंना.” ताईंचं माहेर जुन्नरकडचं, टोमॅटोतच वाढलेल्या.

टाकीत तर कॅल्शियम भरपूर होतं. पण ते पाण्याबरोबर चढतं आणि पानातून वाफ उडते म्हणून पाणी चढतं. गड्ड्यातली पानं मिटलेली, भोवतीची हवा दमट आणि कोंडलेली. वर दिव्यांचा उजेड सोळा तास, म्हणजे वाढ जोरात आणि वाढत्या कडा उपाशी. यावर उतारा वाऱ्याचा. ताईंनी पंख्याचं तोंड खाली वळवलं, कागदाची पट्टी धरून कोपरा न् कोपरा तपासला. पानं जेमतेम थरथरायला हवीत, फडफडायला नकोत.

“शेतात वारा कधी मोजला नाही,” त्या म्हणाल्या. “नको तेव्हाच यायचा.”

डिक्सन डेस्पोमिए यांनी 1999 मध्ये कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांसोबत उंच इमारतींत अशी मजल्यांवरची शेती करण्याचा विचार सुरू केला, तेव्हा प्रश्न शहरांचं पोट भरण्याचा होता. पुढं यात पैसा ओतला गेला. अमेरिकेतल्या एअरोफार्म्स कंपनीनं जून 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथलीच बोवरी ही कंपनी 2024 च्या नोव्हेंबरात बंद पडली. ताईंच्या हातातल्या कागदाच्या पट्टीकडं बघताना, या कंपन्या अडचणीत का आल्या ते मला थोडं कळलं. ऊन, वारा, रात्रीचा गारवा, सगळं इथं विजेच्या बिलावर येतं.

शंभर ग्रॅम लेट्यूसमध्ये पंच्याण्णव ग्रॅम पाणीच असतं. तेवढ्याच ज्वारीत कोरडा ऐवज नव्वदच्या आसपास, शिवाय ज्वारीचं धाट वाढवायला लागणारा उजेड वेगळा. भाकरी या खोलीतून येणार नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. पालेभाजीची गोष्ट निराळी. पावसाळ्यात कोथिंबीर शेतातच सडते, तेव्हा अशी खोली कामाची. आणि पाणी! मुळांवरून वाहिलेलं टाकीत परत येतं, पानांतून उडालेली वाफही एसीतून गोळा होते. टँकरची वाट बघणारी गावं पाहिलेल्या माणसाला हे क्षुल्लक वाटूच शकत नाही.

साडेअकराला वीज गेली. मी वर दिव्यांकडं पाहिलं. ताई मात्र पंपाकडं धावल्या. अंधार झाला तर रोप रात्र समजतं, पण मुळं ज्यात असतात त्या पन्हळीतल्या पाण्याचा थर बोटाच्या पेराएवढाही नसतो. तो आटला की मुळं सुकायला वेळ लागत नाही. जनरेटर धडधडला. ताईंनी पन्हळीला कान लावला, मग पुढच्या, मग त्याच्याही पुढच्या.

“आलं,” त्या म्हणाल्या.