घाटात दगा देणारा क्लच

बोरघाटाचा चढ चढताना अॅक्सिलरेटर दाबताच इंजिनाचा आवाज तेवढा चढतो, परंतु गाडीचा वेग वाढत नाही आणि जळका वास येऊ लागतो, तेव्हा क्लच-प्लेटचे घर्षण-अस्तर झिजून ती फ्लायव्हीलवर घसरत असण्याचा दाट संभव असतो. याउलट, क्लचचे पेडल पूर्ण दाबूनही गिअर करकरत पडत असेल, तर प्लेट नीट सुटत नाही. अशा वेळी केबल ताणली वा तुटली आहे काय, अथवा हायड्रॉलिक नळीतून तेल गळते आहे काय, याची तपासणी प्रथम करावी. प्लेट बदलायची झाल्यास गिअरबॉक्स उतरविण्याची मेहनत मोठी असल्यामुळे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलणे हितावह. आणि पेडलवर पाय विसावून ठेवण्याची सवय प्रत्येक चालकाने निग्रहाने सोडावी.