पांढऱ्या पेशींची साठ वर्षं

पावसाळ्यात डेंग्यू वाढला की खोपटच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'प्लेटलेट्स हव्यात' सुरू होतं. 'पांढऱ्या पेशी हव्यात' असा मेसेज मात्र फारसा कुणाच्या पाहण्यात नसेल. खरं तर केमोने मज्जा रिकामी झालेल्या रुग्णाला जंतू आणि बुरशी गाठतात, ते याच पेशी नसल्यामुळे.

मग त्या बाहेरून का देत नाहीत? देऊन झाल्या. निरोगी मज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बनवते. दात्याच्या एका पिशवीतून त्यातलं किती मिळणार? म्हणून १९६०च्या दशकात अमेरिकेत डॉ. एमिल फ्रायराइख यांनी चक्क क्रॉनिक ल्युकेमियाच्या रुग्णांच्या भरमसाट वाढलेल्या पेशी इतर रुग्णांना दिल्या. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. त्याच सुमारास, मुलाला ल्युकेमिया झालेले आयबीएमचे इंजिनिअर जॉर्ज जडसन यांच्या खटपटीतून पेशी वेगळ्या काढणारं यंत्र आलं. आजची प्लेटलेट काढणारी यंत्रं त्याच कुळातली.

सत्तरच्या दशकातला उत्साह १९८१पर्यंत ओसरला. आधीच खबरदारी म्हणून पेशी देण्याचा उपयोग दिसेना, शिवाय फुप्फुसांचे त्रास निघाले. तिकडे अँटिबायोटिक्स सुधारत होती. १९८३ मध्ये परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं मज्जा प्रत्यारोपण केलं आणि पांढऱ्या पेशींविना काढायच्या आठवड्यांचा प्रश्न आपल्या दारात आला.

१९९१ पासून मज्जेला पांढऱ्या पेशी बनवायला लावणारं जी-सीएसएफ हे औषध मिळू लागलं, तशी आशा पुन्हा पालवली. दात्याला संध्याकाळी हे इंजेक्शन आणि डेक्सामेथासोनची गोळी. सकाळी यंत्राला जोडून दोनतीन तास. पिशवीत तांबड्या पेशीही उतरतात, त्यामुळे रक्तगट जुळवावा लागतो. मग पिशवीला रेडिएशन द्यायचं. फ्रिजमध्ये ठेवायचं नाही आणि चोवीस तासांत चढवायचं. प्लेटलेट्स निदान पाच दिवस टिकतात.

या पेशींचा उपयोग होतो का, हे तपासणाऱ्या 'रिंग' चाचणीचा निकाल २०१५ मध्ये आला. रुग्ण ११४, ठरवल्याच्या निम्म्याहूनही कमी. पेशी मिळालेल्यांत यश ४२ टक्के, न मिळालेल्यांत ४३. भरपूर पेशी मिळालेल्यांचं बरं दिसलं, पण तेवढ्यावर निर्णय होत नाही.

तेव्हा नातेवाइकांनी या पेशींसाठी आपणहून हट्ट धरू नये. डॉक्टरांनीच मागितल्या, तर मात्र दात्याने खोपटहून परळ गाठायला उशीर करू नये.