ट्रॉम्बेची शेंग, कोल्हापूरचं रान

किरणांनी उत्परिवर्तन घडवून पीक सुधारण्याचा विषय निघाला की मुलरची १९२७ ची फळमाशी, स्टॅडलरची बार्ली आणि आपल्याकडचा शरबती सोनोरा गहू यांची नावं ओळीनं येतात. जगभरात असे वाण तीन हजारांवर गेले, हेही सगळ्यांना पाठ आहे. हे पुराण मी इथंच सोडतो. महाराष्ट्रापुरतं खरं मोठं काम भुईमुगात झालं आणि ते ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झालं.

तिथल्या डॉ. एस. एच. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्पॅनिश इम्प्रूव्हड'च्या दाण्यांना क्ष-किरण दिले. त्यातून निघालेला टीजी-१, म्हणजे 'विक्रम', १९७३ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आला. पुढची पायरी मला अधिक मोलाची वाटते. उत्परिवर्ती झाडांचा आपसात आणि इतर वाणांशी संकर करायचा, मग पिढ्यान् पिढ्या वेचत राहायचं. टीजीएस-२ आणि टीजीई-१ यांच्या संकरातून टीएजी-२४ आला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या साथीनं १९९१ मध्ये तो महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. नावातला 'ए' अकोल्याचा.

उन्हाळी रानात तो ओळखू येतो. झाड ठेंगणं, पानं गर्द हिरवी, शेंगा बुडख्याशी घोसानं धरलेल्या. वापसा असताना उपटलं की बहुतेक शेंगा झाडासोबतच येतात. पसऱ्या कराड ४-११ ची काढणी ज्यांनी केली आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. तिथं उकरून वेचण्यातच मजुरी जायची. झाडाचं बळ पाल्यात न जाता शेंगेत उतरावं, हे या वाणानं साधलं.

टीजी-२६ चा गुण निराळा. काढणीला पाऊस गाठला की स्पॅनिश जातीचे दाणे जमिनीतच उगवतात. याचे दाणे सुमारे वीस दिवस सुप्त राहतात, पीक वाचतं. उडदाचा टीएयू-१ (१९८५) हाही उत्परिवर्तीच्या संकरातलाच आणि फार यशस्वी. तूर, मूग, सोयाबीनमध्येही काम झालं.

'किरणांनी वाण दिला' असं म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. आमच्या हुपरीत चांदीची लगड कुणीही आणील. तिचं पैंजण होतं ते अनेक हातांच्या घडणावळीनं. किरणांनी मिळते ती लगड. बहुतेक उत्परिवर्ती टाकाऊच निघतात. दुसऱ्या पिढीपासून वाफ्यात वाकून एकेक झाड पारखणाऱ्यांचं नाव मात्र कुणी घेत नाही. 'अणूचं बी' म्हणून भिववणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे: क्ष-किरण असोत की गॅमा किरण, ते बियाण्यात साठत नाहीत, आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारं बी त्या दाण्याच्या कित्येक पिढ्यांनंतरचं असतं.

असे वाण हाती असूनही आज कोल्हापुरात पंचगंगेकाठचं रान उसाला आणि खरीप सोयाबीनला गेलं, उन्हाळी भुईमूग बांधापुरता उरला. निम्म्याहून अधिक खाद्यतेल देश बाहेरून आणतो, आणि इथं चांगलं बी मिळण्याची मारामार! कारण साधं आहे. हेक्टरी शंभर किलोच्या वर दाणे लागतात, एका हंगामात बी फारसं वाढत नाही. अशा धंद्यात खासगी कंपनी का उतरेल? मग टीएजी-२४ च्या नावानं भेसळ खपते. भुईमूग स्वपरागी आहे, घरचं राखलेलं बीही जातीला धरून राहतं, म्हणून वाट अजून मोकळी आहे. गावच्या सोसायटीनं पायाभूत बियाणं आणावं, दोन-चार विश्वासू शेतकऱ्यांकडे द्यावं, फुलोऱ्यात आणि काढणीला भेसळीची झाडं उपटावीत. शेंगा वाळवून, न फोडता ठेवाव्यात आणि पेरणीच्या तोंडावर फोडाव्यात. येत्या उन्हाळ्यासाठी हे ठरवायचं तर जानेवारीच्या आत बी गावात यायला हवं.